आंधीत नेट का जातं? राऊटर, डिश आणि बॅटरीचा सरळ हिशेब



आज मासळीचा भाव नाही, बीजाची गाडी कधी येणार तेही नाही. आज थोडं नेटविषयी. लेख लांब आहे, पण चहा घेऊन बसा आणि पूर्ण वाचा. बंद ऋतू तोंडावर आहे. १६ जून ते १५ ऑगस्ट जाळं पाण्यात जाणार नाही. घरचं आणि ऑफिसचं असं काम उरकायला हाच वेळ असतो.

आधी आपलीच चूक सांगतो. गेल्या महिन्यात माधव नगरच्या ऑफिसात आपण एनएफडीपीच्या नोंदणीचा दिवस ठेवला होता. एनएफडीपी म्हणजे केंद्र सरकारचा राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंच, ११ सप्टेंबर २०२४ ला सुरू झालेला. मच्छिमाराची ओळख आता तिथे नोंदवावी लागते आणि पुढच्या योजनांचा रस्ता तिथूनच जातो. अकरा सभासद गावाकडून आले होते. प्रत्येकाचा दिवसाचा धंदा बुडालेला. दुपारी तीनच्या सुमारास आभाळ काळं झालं, धूळ उठली, आंधी आली आणि लाइट गेली.

इन्व्हर्टर लागला. पंखे फिरायला लागले, ट्यूब पेटली, कॉम्प्युटरही चालू. फक्त नेट नाही. मग काय, सगळ्यांनी मिळून नेटवाल्याला फोन लावला आणि जे बोलायचं ते बोलून घेतलं. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "दादा, टॉवर चालू आहे. तुमच्या गच्चीवरची डिशच मला दिसत नाही. तिला लाइट आहे का बघा."

बघितलं. राऊटर आणि डिशचा अडॅप्टर या दोघांच्या पिना कपाटामागच्या बोर्डात होत्या, आणि तो बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनीवर नव्हताच! दिवाळीत रंगकाम झालं तेव्हा सामान इकडचं तिकडे झालं, पिना सापडेल त्या बोर्डात गेल्या, आणि सहा महिने कोणी बघितलंच नाही. एक्स्टेंशन ओढून जोडलं, नेट आलं. पण चाळीस मिनिटांत इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला. बॅटरीत पाणी कमी होतं. अकरातल्या चार जणांचे फॉर्म झाले, सात जण परत गेले. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करून बघितलं, पण त्या वेळी अख्खं फ्रीगंज मोबाईलवर आलेलं, चाकच फिरत राहिलं.

त्या सात जणांची माफी तिथेच मागितली, इथेही मागतो. पण नुसती माफी मागून पुढची आंधी थांबत नाही. म्हणून बसलो, जाणकारांना विचारलं, थोडं वाचलं. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

वीज येते आकाशातली, जाते तारेतली

आपल्या माळव्यात मे-जूनची आंधी काय चीज आहे ते उज्जैनकराला सांगायला नको. २०१६ चा सिंहस्थ आठवा. ५ मे च्या दुपारी वादळ-पाऊस झाला, मेळ्यातले मंडप कोसळले, किमान ७ माणसं गेली, बरीच जखमी झाली, मेळ्याच्या भागात अंधार झाला. चार दिवसांनी, ९ तारखेला, पुन्हा वादळ. एवढी तयारी केलेल्या जागी ही स्थिती, तर आपल्या तळ्याकाठच्या झोपडीची काय कथा.

आता आपल्या धंद्याचा विचार करा. वीज पडून जीव जाणाऱ्यांच्या संख्येत मध्य प्रदेश वर्षानुवर्षं देशात वरच्या क्रमांकांत आहे. धरणाच्या मोकळ्या पाण्यावर नावेत बसलेला माणूस म्हणजे त्या जागेतला सगळ्यात उंच माणूस. आपल्या ग्रुपवर आपण 'दामिनी' ॲपचे इशारे टाकतो. हे ॲप पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने तयार केलेलं. आपल्या आसपास २० ते ४० किलोमीटरच्या पट्ट्यात वीज पडण्याची शक्यता असेल तर ते थोडं आधी सांगतं. तेवढ्या वेळात नाव काठाला लागू शकते.

पण इशारा पोचायला नेट लागतं, आणि नेटला लाइट लागते. आंधी आली की पहिली लाइटच जाते. म्हणजे ज्या अर्ध्या तासात नेटची गरज सगळ्यात जास्त, तेव्हाच ते बंद. फॉर्म उद्या भरता येतो. पाण्यावरचा माणूस उद्यावर टाकता येत नाही.

नेटची साखळी समजून घ्या

आपल्यापैकी बरेच जण वायरलेस नेट वापरतात. फायबर जिथे पोचली नाही तिथे गच्चीवर एक छोटी डिश, तिचं तोंड दूरच्या टॉवरकडे, आणि खाली घरात राऊटर. ही डिश टीव्हीच्या डिशसारखी नुसतं घेत नाही. ती बोलते पण आणि ऐकते पण, म्हणून तिला स्वतःची वीज लागते. ती वीज वेगळ्या तारेने जात नाही. नेटच्या केबलमधूनच वर चढते. राऊटरजवळ जो काळा डबा असतो, दोन केबल लागलेला, त्याला पीओई अडॅप्टर म्हणतात. तोच डिशला वीज पाठवतो. बऱ्याच डिशना २४ व्होल्ट लागतात, काहींना ४८.

या डिश ज्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात त्यांना वेगळा परवाना लागत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने या पट्ट्यातला मोठा भाग खुला केला. त्यामुळे लहान लहान नेटवाल्यांनाही गावोगाव टॉवर उभे करणं सोपं झालं.

साखळी अशी: आपला राऊटर, आपला पीओई, आपली डिश, नेटवाल्याचा टॉवर, त्याच्यामागचा दुसरा टॉवर, शेवटी फायबर. प्रत्येक कडीला लाइट लागते. एकही कडी अंधारात गेली तर पुढचं सगळं बेकार. पहिल्या तीन कड्या आपल्या घरात आहेत आणि त्यांची जबाबदारी आपली आहे. शिव्या मात्र आपण नेहमी चौथ्या कडीला देतो.

हे फक्त आपलंच दुखणं नाही

तमिळनाडूत थेनीला अरविंद नेत्र रुग्णालय आहे. साधारण २००५-०६ पासून त्यांनी आसपासच्या गावांत डोळे तपासणीची छोटी केंद्रं उघडली. गावात प्रशिक्षित ताई तपासणी करते आणि थेनीचे डॉक्टर व्हिडिओवर रुग्णाशी बोलतात. मधलं अंतर कित्येक किलोमीटरचं, आणि जोडणी वायफायची. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी ती बसवायला मदत केली. त्याच सुमारास हिमाचलात धर्मशाळेला 'एअरजल्दी' नावाने असंच डोंगरावरचं वायरलेस जाळं उभं राहिलं.

या मंडळींनी काही वर्षं जाळं चालवून २००८ मध्ये आपला अनुभव लिहून काढला. त्यांना वाटलं होतं की अडचण लहरींची येईल. अंतर, झाडं, डोंगर, पाऊस वगैरे. प्रत्यक्षात बहुतेक बिघाड निघाले विजेचे. आणि तेही नुसती लाइट जाण्याचे नव्हेत, तर खराब लाइटीचे. कधी २३० च्या कितीतरी वर उसळी, कधी एकदम खाली घसरण. उसळीने अडॅप्टर आणि पोर्ट जळायचे. घसरणीत अजून वाईट व्हायचं. यंत्र ना धड चालू ना धड बंद, अर्धवट जागं होऊन अडकून पडायचं. दिवा लागलेला दिसतो, पण काम शून्य. बॅटरी पूर्ण निथळेपर्यंत वापरली जायची, म्हणून तीही लवकर मरायची.

त्यांनी केलेले उपाय साधे होते. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की यंत्र सरळ तोडून टाकणारा छोटा सर्किट बसवला, म्हणजे ते अर्धवट अडकणार नाही आणि बॅटरीही वाचेल. दूरच्या यंत्राची खबर घेण्यासाठी मोबाईलची दुसरी वाट ठेवली. आणि गावातल्याच माणसांना शिकवलं, कारण शहरातला इंजिनियर प्रत्येक वेळी येऊ शकत नाही.

आता आपल्या मराठी मुलखातलं, आणि तेही सहकारातलं उदाहरण. कोल्हापूरकडे वारणानगर. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभा केलेला वारणेचा सहकार सगळ्यांना माहीत आहे. १९९८ मध्ये तिथे 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. आसपासची ७० गावं कॉम्प्युटरने जोडायची, ऊस उत्पादकाला आपल्या वजनाचा, तोडणीचा, पैशाचा हिशेब गावातच मिळावा असा विचार. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. पण कॉम्प्युटर गावात ठेवणं वेगळं आणि वर्षानुवर्षं चालतं ठेवणं वेगळं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधकांनी तिथे सात गावांत वेगळा प्रयोग केला. कॉम्प्युटरच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस. नाव दिलं 'वारणा अनवायर्ड'. शेतकऱ्याला हवा होता तो हिशेब एसएमएसवरही मिळतो, आणि मोबाईलची बॅटरी लाइट नसतानाही दिवसभर चालते.

मला यातून एकच कळलं. आधी विचारायचं, आपल्याला नक्की काय चालू ठेवायचंय? सगळं ऑफिस, की फक्त निरोप?

कोकणाने दाखवलेली गोष्ट

३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा, पुढे मंडणगड, दापोली या सगळ्या भागाला त्याने झोडपलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि विजेचे खांब रांगेने पडले. कित्येक गावांत दिवसच नाही, आठवडे लाइट नव्हती.

तिथल्या मच्छिमार बांधवांच्या बोटी फुटल्या, घरावरचे पत्रे उडाले. पण मुंबईत असलेल्या मुलांना पहिले काही दिवस हेच कळत नव्हतं की आई-वडील ठीक आहेत का. अनेक ठिकाणी मोबाईल टॉवर उभा, पण मुका. टॉवरला बॅटरी असते, डिझेल जनरेटर असतो. बॅटरी काही तासांची. डिझेल संपलं की नवं आणायला रस्ता हवा, आणि रस्त्यावर झाडं पडलेली. टॉवर पडला म्हणून नव्हे, त्याची भूक भागली नाही म्हणून बंद.

वर्षभराने, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' आलं आणि पुन्हा तेच. आपल्याकडे समुद्र नाही, चक्रीवादळ इथवर येतं ते थकून. पण साखळी तीच आहे. टॉवरवाल्याने कितीही केलं तरी त्याची बॅटरी काही तासांचीच असते. म्हणून आपण आपल्या तीन कड्या नीट ठेवायच्या आणि चौथीला योग्य प्रश्न विचारायचे.

आता हिशेब. घाबरू नका, साधा गुणाकार आहे

राऊटर साधारण ८ वॅट खातो. गच्चीवरची डिश ७ वॅट. दोघं मिळून १५. एका जुन्या पंख्याची भूक ७५ वॅट. म्हणजे एका पंख्याच्या विजेत पाच घरांचं नेट चालतं! नेट फार कमी खातं. ते बंद पडतं ते बाकीच्यांच्या भुकेमुळे.

ऑफिसची बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर. गुणाकार करा: १,८०० वॅट-अवर. ही नवी, पूर्ण भरलेली असताना. ॲसिडची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून हिशेबाला धरायचे ९००.

आता दोन पंखे १५०, दोन ट्यूब ४०, कॉम्प्युटर १२०, नेट १५. झाले ३२५. इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो, ते धरून ३९० च्या आसपास. ९०० भागिले ३९०, म्हणजे सव्वादोन तास. आणि आपल्या बॅटरीत पाणी कमी, वय चार वर्षं, म्हणून चाळीस मिनिटं!

त्याच बॅटरीवर फक्त नेट ठेवलं तर? नेटचे १५ आणि इन्व्हर्टरचे स्वतःचे २० धरा. ९०० भागिले ३५, म्हणजे जवळपास पंचवीस तास. एक पूर्ण दिवस.

इथे अजून एक गोष्ट लक्षात घ्या. नेट १५ खातंय आणि त्याच्यासाठी जागा राहिलेला इन्व्हर्टर २० खातोय. नोकरापेक्षा मुकादमाचा पगार जास्त! बॅटरीची डीसी वीज इन्व्हर्टर एसी करतो आणि राऊटरचा अडॅप्टर तीच पुन्हा डीसी करतो. दोन्हीकडे गळती. म्हणून फक्त नेटसाठी छोटा डीसी यूपीएस सगळ्यात स्वस्त पडतो. तो बॅटरीची वीज सरळ राऊटरला देतो, मधला मुकादम नाही.

पण मिनी यूपीएस घेताना दोन ठिकाणी फसगत होते.

पहिली, डब्यावर मोठ्या अक्षरात ८,८०० एमएएच लिहिलेलं असतं. तो आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचा असतो, १२ व्होल्टचा नाही. ३.७ गुणिले ८.८ म्हणजे ३२ वॅट-अवर. ८ वॅटचा राऊटर त्यावर कागदावर चार तास, खरा तीन तास चालेल. १२ व्होल्ट धरून हिशेब केला तर तेरा तास वाटतील आणि आपण दुकानदाराशी भांडू.

दुसरी, राऊटर १२ व्होल्टवर आणि डिश २४ व्होल्टवर. नुसत्या १२ व्होल्टच्या यूपीएसवर राऊटर चालू राहील, वायफायचे दांडेही पूर्ण दिसतील, पण नेट नाही, कारण वर डिश मेलेली. बरेच जण यात अडकतात. दोन्ही व्होल्ट देणारा यूपीएस घ्या आणि घ्यायच्या आधी दोन्ही अडॅप्टरवरचं बारीक अक्षर मोबाईलने फोटो काढून दुकानात दाखवा. चुकीच्या व्होल्टला जोडलं तर डिश जळू शकते.

तळ्याकाठी सोलर लावायचा असेल तर

काही सभासदांनी विचारलं होतं की राखणीच्या झोपडीवर डिश चालेल का. चालेल. एका ८ वॅटच्या यंत्राला दिवस-रात्र मिळून १९२ वॅट-अवर लागतात. आभाळ भरलं असताना दोन दिवस काढायचे तर ३८४. ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची म्हणून दुप्पट, म्हणजे १२ व्होल्टची ६५ ते ७५ अँपिअर-अवरची बॅटरी. पॅनल उन्हाळ्यात ७५ वॅटचाही पुरेल, पण पावसाळ्यात ऊन धड अडीच तास मिळतं. म्हणून १५० वॅटचा लावा. तोंड दक्षिणेला, उतार २३ अंशांच्या आसपास, कारण उज्जैन जवळजवळ कर्कवृत्तावर आहे. चार्ज कंट्रोलर असा घ्या जो बॅटरी उतरली की स्वतः लोड तोडतो. थेनीवाल्यांनी मुद्दाम बनवलेली तीच गोष्ट आज बाजारात तयार मिळते.

आणि पॅनल पुसायचा. आंधीनंतर पॅनलवर मातीचा थर बसतो. जाळं धुतो तसा तोही धुवायचा.

यंत्रं जळतात ती कशामुळे

लाइट जाण्याने यंत्र जळत नाही, लाइट परत येताना जळतं. आंधीनंतर लाइट येते, जाते, परत येते, आणि प्रत्येक वेळी झटका बसतो. ऑफिसात आम्ही आता नियम केलाय. लाइट लपंडाव खेळायला लागली की राऊटरची पिन काढायची आणि लाइट स्थिर झाल्यावर पाच मिनिटांनी लावायची. यूपीएसवर असेल तर यूपीएसची मेन लाइनीची पिन काढा, राऊटर बॅटरीवर चालत राहील.

लो व्होल्टेजचं दुखणं वेगळं. गावाकडे संध्याकाळी मोटारी लागल्या की व्होल्टेज खाली येतं. बल्ब मिणमिणतो, पण आपण म्हणतो लाइट आहे. यूपीएस मात्र ते खरं मानत नाही. तो गुपचूप बॅटरीवर जातो. दोन-तीन तास असंच चालतं, बॅटरी निथळते, आणि मग खरी लाइट जाते तेव्हा यूपीएसच्या पोटात काही उरलेलं नसतं. "नवा यूपीएस पाच मिनिटांत बंद पडला" ही तक्रार असेल तर आधी व्होल्टेज मोजून बघा. स्टॅबिलायझर लागेल, यूपीएस बदलून उपयोग नाही.

आकाशातली वीज सरळ डिशवर पडली तर काहीच वाचत नाही, ते मान्य. पण जवळपास पडली तरी केबलमध्ये झटका येतो आणि पोर्ट जातो. म्हणून डिशच्या पाइपाला अर्थिंग, केबल शिल्डवाली आणि खाली सर्ज प्रोटेक्टर. अर्थिंगचा खड्डा खणून विसरू नका. आपल्या काळ्या मातीला मे महिन्यात भेगा पडतात आणि कोरडी माती वीज घेत नाही. उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा तिथे बादलीभर पाणी ओता. आणि गडगडाट सुरू असताना गच्चीवर डिश हलवायला कोणी चढायचं नाही. नेट गेलं तर गेलं.

केबलमध्येही खोट असते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते. नेट त्यातून जातं, पण डिशची वीजही त्यातूनच जायची असते. लांबी पन्नास-साठ मीटर असली की वर पोचेपर्यंत व्होल्ट गळतात आणि डिश दुपारच्या उन्हात किंवा जास्त वापर असताना आपोआप बंद-चालू होत राहते. अस्सल तांब्याची केबल थोडी महाग पडते, पण एकदाच घ्यावी लागते.

केबल घरात शिरते तिथे तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून टपकेल, राऊटरमध्ये येणार नाही. आणि आपल्या उज्जैनच्या वानरांना विसरू नका. लोंबणारी केबल त्यांना झोपाळाच वाटते. पाइपाला घट्ट बांधा, शक्य तिथे पीव्हीसी पाइपातून न्या.

बॅटरीला उन्हापासून जपा

साध्या ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या आसपास मोजलेलं असतं. त्यावर प्रत्येक १० अंश वाढले की आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ सहज जातो, आणि बॅटरी ठेवतो कुठे? जिन्याखाली, पत्र्याच्या खोलीत, नाहीतर गच्चीच्या दाराशी. मग पाच वर्षांची बॅटरी दोन वर्षांत बसते आणि आपण कंपनीला दोष देतो. मासा उन्हात ठेवत नाही, बॅटरीही ठेवू नका. सावली, वारा, आणि महिन्यातून एकदा डिस्टिल्ड वॉटर. नळाचं नाही, आरओचंही नाही.

नेटवाल्याला हे चार प्रश्न विचारा

भांडायला नको, नीट विचारा. चांगला नेटवाला आनंदाने सांगतो.

१. टॉवरवर बॅटरी किती तास चालते, आणि ती शेवटची कधी बदलली?
२. लाइट गेली तर टॉवरवर जनरेटर आहे का? नसेल तर कोण, किती वेळात घेऊन येतो?
३. टॉवरची बॅटरी उतरतेय हे तुम्हाला लांबून दिसतं का, की आमचा फोन आल्यावरच कळतं?
४. तुमचा मागचा टॉवर बंद पडला तर दुसरी वाट आहे का?

आपल्यासारख्या दहा-वीस सभासदांनी एकच नेटवाला घेतला असेल तर हे प्रश्न एकत्र विचारा. एकट्याला उत्तर उद्या मिळतं, संस्थेला आज मिळतं. सहकार म्हणतात तो हाच.

ऑफिसात आपण काय केलं

- राऊटर आणि डिश दोन्ही स्वतंत्र डीसी यूपीएसवर घेतले. इन्व्हर्टर फक्त कॉम्प्युटर आणि एका ट्यूबसाठी. लाइट गेली की पंखे बंद. घाम आला तर बाहेर ओट्यावर बसा, फॉर्म मात्र भरला जाईल.
- त्या बोर्डावर लाल पेनने लिहिलं: 'नेटची पिन, काढू नये'.
- दर महिन्याच्या १ तारखेला मुद्दाम मेन बंद करायचा आणि नेट किती वेळ चालतं ते घड्याळ लावून वहीत लिहायचं. पहिल्या वेळी साडेचार तास आले. हा आकडा कमी व्हायला लागला की समजायचं बॅटरी थकतेय.
- वारणेचा धडा घेऊन इशाऱ्यासाठी साधी वाट ठेवली. नेट असो नसो, वादळाचा इशारा आला की पाण्यावरच्या सभासदाला फोन, फोन नाही लागला तर एसएमएस, तोही नाही तर काठावरच्या माणसाने शिट्टी. पाण्यावर असलेल्या प्रत्येकाचं नाव त्या दिवशीच्या वहीत आणि त्याच्यासमोर काठावरच्या माणसाचा नंबर.

शेवटचा मुद्दा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे. यंत्र कितीही चांगलं असो, एखाद्या दिवशी बंद पडणारच. त्या दिवसासाठी शिट्टी लागते.

आता तुमचं काम

बंद ऋतूत घरी आहात तर एवढं करा. आज संध्याकाळी घरचा मेन स्विच दहा मिनिटं बंद करा. नेट चालू राहिलं का? राहिलं तर किती वेळ? नाही राहिलं तर कोणती पिन कुठल्या बोर्डात आहे ते बघा. यूपीएस विकत घ्यायच्या आधी हे करा, कारण आपल्यासारखी पिनेचीच चूक असेल तर खर्च शून्य.

आणि ते जे सात सभासद परत गेले त्यांच्यासाठी पुढच्या शनिवारी सकाळी दहा वाजता पुन्हा नोंदणी ठेवली आहे. सोबत आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल आणा. अपघात विम्याचे कागद ज्यांचे राहिलेत त्यांनीही यावं. त्या विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख रुपये आहेत. ते घरच्यांना मिळायचे तर नाव यादीत असलं पाहिजे.

तुमच्या घरी नेट किती तास चाललं तो आकडा खाली लिहा. कोणाकडे जुनी सोलर प्लेट किंवा चांगल्या स्थितीतला चार्ज कंट्रोलर पडून असेल तर तेही कळवा, तळ्याकाठच्या झोपडीला उपयोगी पडेल.

आभाळ भरून आलं की नाव काठाला, आणि पिन नीट बोर्डात.

जय सहकार.

आपला,
सचिव